गिटारची मान नेहमी नटच्या मागेच का मोडते आणि ती परत कशी जोडतात

लेस पॉल (गिब्सन कंपनीची प्रसिद्ध इलेक्ट्रिक गिटार) टाईपची गिटार पडली की ती कुठे मोडली असणार हे फोनवर ऐकूनसुद्धा सांगता येतं. नटच्या मागे, जिथे मान संपते आणि डोकं मागे वळतं, बरोब्बर तिथेच. बॉडीला पोचा पडेल, रंग उडेल, एखादा नॉब तुटेल, पण मोडायची जागा ठरलेली. आणि मग मालकाचा चेहरा असा होतो की घरात काहीतरी अभद्र घडलंय, कारण गिटारचं डोकं तारांना लटकून लोंबकळताना दिसणं हे खरंच भयानक दृश्य असतं. पण लाकडाच्या हिशोबाने बघितलं तर हे सगळ्यात जास्त दुरुस्त होण्यासारखं मोडणं आहे, बॉडीचा टॉप फाटला किंवा मान वर्षानुवर्षं पिळवटत गेली तर ते जास्त डोकेदुखीचं काम. इथे बहुतेक वेळा मोडण्यापेक्षा मोडल्यानंतरच्या पहिल्या तासात माणसाने जे उद्योग केलेले असतात त्याने जास्त नुकसान होतं.

आधी नावं क्लिअर करू म्हणजे पुढे गोंधळ नको. हेडस्टॉक म्हणजे वरचं डोकं, जिथे ट्युनर, म्हणजे तारा ताणायच्या खुंट्या, बसवलेले असतात. नट म्हणजे मान आणि डोकं यांच्यामधली ती हाडाची किंवा प्लॅस्टिकची पांढरी पट्टी जिच्या खाचांतून तारा जातात. ट्रस रॉड म्हणजे मानेच्या आत लांबवर बसवलेली स्टीलची सळई, तारांच्या ओढीने मान वाकते ती कंट्रोल करायला. आणि ग्रेन म्हणजे लाकडाच्या रेषा, तंतू कुठल्या दिशेला धावतायत ते. सगळा खेळ या शेवटच्या गोष्टीचा आहे.

सरपण फोडलेलं ज्याने बघितलंय त्याला हे लगेच कळेल, ओंडका उभा ठेवून रेषेच्या दिशेने कुऱ्हाड घातली की एका घावात दोन तुकडे, आणि तोच ओंडका आडवा टाकून तंतू तोडायला गेलं की घाम निघतो. तंतू आडवे तोडायला गेलं तर लाकूड प्रचंड मजबूत आणि दोन तंतूंच्या मधून मात्र सहज फाटणारं. आता गिब्सनची लेस पॉल घ्या. १९५२ मध्ये आली, मान महोगनीची, आणि डोकं मानेपासून १७ अंश मागे झुकवलेलं. का झुकवलं, तर तारा नटवर घट्ट दाबून बसाव्यात म्हणून, नाहीतर खाचेत तार सैल राहून झणझणते. १० नंबरच्या (म्हणजे सगळ्यात बारीक तार ०.०१० इंच जाड) नेहमीच्या इलेक्ट्रिक सेटमध्ये सहाही तारांची मिळून ओढ साधारण ४५ किलोच्या आसपास असते, अकूस्टिकला १२ चा सेट टाकला तर ७० किलोच्या वर. १७ अंशाच्या कोनात त्या ४५ किलोतले १३-१४ किलो नटवर खाली दाब म्हणून मिळतात. कल्पना उत्तम आहे, वाद नाही.

प्रॉब्लेम असा की मान आणि हे झुकलेलं डोकं दोन्ही एकाच सरळ फळीतून कापतात. फळीतल्या रेषा मानेच्या लांबीला धरून सरळ जातात, पण डोकं वळलं तरी रेषा काही वळत नाहीत, त्या तशाच पुढे जाऊन डोक्याच्या जाडीतून तिरप्या बाहेर पडतात. डोक्याची जाडी दीड सेंटीमीटरच्या आसपास धरली आणि कोन १७ अंश, तर शाळेतल्या त्रिकोणमितीने काढून बघा, प्रत्येक तंतू जेमतेम ५ सेंटीमीटर धावतो आणि संपतो. म्हणजे संपूर्ण डोकं हे पाच-पाच सेंटीमीटरच्या आखूड तंतूंवर उभं आहे आणि त्यांना एकमेकांना धरून ठेवणारं काय, तर लाकडाची तीच कमकुवत दिशा.

एवढ्यावर भागत नाही. त्याच जागी मान सगळ्यात बारीक असते कारण तिथे अंगठा फिरायला हवा. त्याच जागी नटसाठी खाच. आणि त्याच जागी, त्या छोट्या घंटेच्या आकाराच्या प्लॅस्टिकच्या झाकणाखाली, ट्रस रॉड फिरवायचा खड्डा कोरलेला असतो, कारण त्याचा ५/१६ इंची पितळी नट (बोल्टवाला नट, तारांचा नव्हे) फिरवायला पान्याला जागा लागते. म्हणजे जिथे लाकूड मुळात कच्चं तिथेच बारीक केलं आणि तिथेच पोखरलं. कितीही प्रेम असलं तरी हे डिझाईन म्हणून चुकलेलंच आहे असं माझं स्पष्ट मत आहे.

गिब्सनला हे माहीत नव्हतं असं नाही. साठच्या दशकाच्या मध्यात त्यांनी कोन १४ अंशावर आणला, १९७० च्या आसपास मानेच्या मागच्या बाजूला त्याच जागी लाकडाचा एक फुगवटा ठेवायला सुरुवात केली ज्याला व्हॉल्यूट म्हणतात, एका तुकड्याऐवजी तीन तुकड्यांची मान केली, पुढे महोगनी सोडून मेपलसुद्धा वापरलं. इंजिनीअरिंगच्या दृष्टीने सगळं बरोबर. पण गिटारवाल्यांना आवडलं नाही, हाताला फुगवटा लागतो, जुन्यासारखी दिसत नाही वगैरे, आणि ऐंशीच्या सुरुवातीला व्हॉल्यूट गेला. आज १९५० च्या दशकातल्या, मोडायला टपलेल्या गिटार लाखोंच्या भावात आणि सत्तरच्या दशकातल्या मजबूत मानेच्या त्यामानाने स्वस्त, आता काय बोलणार.

फेंडर गिटारवाल्या लिओ फेंडरने हा प्रश्नच ठेवला नाही. त्याच्या टेलीकास्टर किंवा स्ट्रॅट गिटारचं डोकं मागे झुकलेलं नसतंच, फ्रेटबोर्डच्या (मानेवर बोटं ठेवायच्या पट्टीच्या) लेव्हलपासून थोडं खाली उतरवलेलं पण सरळ सपाट, आणि लाकूड मेपल, जे महोगनीपेक्षा चिवट. तंतू मानेतून थेट डोक्यात जातात. कोन नाही म्हणून बारीक तारांना नटवर दाब कमी पडतो तर त्यासाठी वर एक छोटी क्लिप मारली, स्ट्रिंग ट्री, काम झालं. ही मान मोडायला खरंच मेहनत लागते. तिसरा रस्ता स्पॅनिश गिटारवाल्यांचा जुना, तो म्हणजे स्कार्फ जॉइंट, मानेची फळी तिरपी कापायची, कापलेला तुकडा उलटा करून परत चिकटवायचा, आपोआप कोन तयार होतो आणि डोक्यातले तंतू डोक्याच्याच दिशेने धावतात. स्वस्तातल्या बऱ्याच गिटारमध्ये हेच असतं, लाकूड कमी वाया जातं म्हणून, पण गंमत म्हणजे या बाबतीत स्वस्त गिटार महागड्या गिटारपेक्षा शहाणी निघते. मानेच्या मागून बघितलं तर तिरपी बारीक रेष दिसते, ती बघून नवशिके घाबरतात की चीर गेली, ती चीर नसते, तो जॉइंट असतो.

आणि आपल्याकडचा तंबोरा आठवून बघा. मिरजेतले सतारमेकर पिढ्यानपिढ्या सतारी-तंबोरे बनवतायत, २०२४ मध्ये मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला जीआय (भौगोलिक) मानांकनसुद्धा मिळालं, त्यांच्या तंबोऱ्याला मागे झुकलेलं डोकं हा प्रकारच नाही, दांडी सरळ वर जाते आणि खुंट्या तिच्यातच बसतात. त्यामुळे तंबोरा पडला की काळजी भोपळ्याची, दांडीच्या टोकाची नाही. प्रत्येक वाद्याची मोडायची जागा त्याच्या आकारातच लिहिलेली असते.

आता लोकांना एक गोष्ट पटत नाही, की गिटार हार्ड केसमध्ये होती, केस पडली, केसला ओरखडा नाही, मग आत मान कशी मोडली? मोडते. केस जमिनीवर आदळून एकदम थांबते, बॉडीही थांबते, पण टोकाला असलेलं डोकं, वर सहा मेटलचे ट्युनर घेऊन, आपल्या वेगात पुढे जात राहतं. सगळा झटका त्या पोखरलेल्या जागेवर. त्यात तारा आधीच डोक्याला पुढे ओढून बसलेल्या. केसमध्ये मानेखाली आधार नसेल, किंवा डोकं केसच्या तळाला टेकत असेल तर अजून सोपं. म्हणून गिटार कुरिअरने किंवा विमानातून पाठवताना तारा दोन-तीन सूर उतरवतात आणि मानेखाली आणि डोक्याच्या दोन्ही बाजूंनी कापड किंवा बबल रॅप असं भरतात की डोकं हलायलाच नको.

बरं, मोडली. आता पहिला तास.

तारा सैल करा, सगळ्या, थोड्या थोड्या करून. एक पूर्ण सोडली आणि बाकी ताणलेल्या असं नको, डोकं एका बाजूला पिळतं. चीर किती खोल गेलीय हे बघायला डोकं मागेपुढे हलवून बघायचा मोह होतो, तो आवरा, प्रत्येक हलवण्यात काही तंतू तुटतात किंवा दुमडतात आणि मग तुकडे आधीसारखे एकमेकांत बसत नाहीत. मोडलेल्या पृष्ठभागाला बोट लावू नका, हाताचं तेल-घाम लागला की गम नीट धरत नाही. जमिनीवर, केसमध्ये, गालिच्यावर जेवढ्या ढलप्या पडल्यात त्या सगळ्या गोळा करून एका डबीत ठेवा, तांदळाच्या दाण्याएवढी असली तरी, रंगाची खपली निघाली असली तरी तीही. सेलोटेप लावू नका, जुन्या लॅकरवरून टेप काढताना लॅकरही निघून येतं. मऊ कापडात गुंडाळा, खाली आधार द्या, फोटो काढून ठेवा, आणि शांत बसा. दोन आठवडे तशीच पडून राहिली तरी काही बिघडत नाही, फक्त धूळ जायला नको.

आणि फेव्हिक्विक लांब ठेवा. हे मी हात जोडून सांगतोय. सुपरग्लू वाईट असतो असं नाही, गिटार दुरुस्त करणारे तो रंगातले खड्डे भरायला रोज वापरतात, पण इथे तो सेकंदात पकडतो, तुकडे अर्धा मिलीमीटर चुकीचे बसले की तिथेच कायमचे, वरून तो लाकडाची छिद्रं बुजवून टाकतो त्यामुळे नंतर कुठलाच चांगला गम आत जात नाही. रिपेअरवाल्याकडे आलेली ताजी मोडलेली गिटार म्हणजे सोपं काम आणि घरी एकदा फेव्हिक्विक मारून परत उघडलेली म्हणजे कपाळाला हात, कारण आधी तो जुना थर काढावा लागतो आणि तो काढताना लाकूडही जातं, मग तुकड्यांचे मूळ दात एकमेकांत बसायचे बंद होतात.

साधा पांढरा सुताराचा गम का नको, हा पुढचा प्रश्न, कारण आपल्या घराघरात फर्निचर त्यावरच उभं आहे. फर्निचरवर ओढ सतत एकाच दिशेने नसते. गिटारमध्ये ४५ किलो दिवसरात्र, वर्षानुवर्षं एकाच दिशेने ओढतायत, आणि पांढरा गम वाळल्यावरसुद्धा थोडा लवचिक राहतो, त्यात मे महिन्यात गाडीच्या डिकीत गिटार राहिली की तो मऊ होऊन जॉइंट केसाकेसाने सरकायला लागतो. तुटत नाही, सरकतो. म्हणून गिटारवाले टाईटबाँड ओरिजिनल टाईपचा पिवळा लाकडी गम वापरतात, तोही त्याच कुळातला पण वाळल्यावर जास्त कडक आणि कमी सरकणारा, आपल्याकडे ऑनलाईन मिळतो. जुने लोक आणि व्हायोलिनवाले सरस वापरतात, जनावरांच्या कातड्यापासून केलेला, ६० अंशाच्या आसपास गरम ठेवून लावायचा, वाळल्यावर काचेसारखा कडक. तो ताकदीला मस्तच आहे पण थंड व्हायच्या आत सगळं जुळवून क्लॅम्प लावायला हात बसलेला हवा. दोन भाग मिसळायचं एपॉक्सी, म्हणजे अरल्डाइट वगैरे, ते मी फक्त दोन वेळा वापरा म्हणेन, तुकडे हरवलेत आणि मधे पोकळी आहे तेव्हा, किंवा आधीच कुणीतरी चुकीचा गम लावून लाकूड खराब केलंय तेव्हा. आणि वापरायचंच तर हळू वाळणारं घ्या, पाच मिनिटांवालं त्यामानाने कच्चं असतं.

मोडणं कुठल्या प्रकारचं आहे त्यावर पुढचं सगळं ठरतं. सगळ्यात नशीबवान म्हणजे लांब तिरपी फाट, डोक्याच्या समोरच्या बाजूला सुरू होऊन मागे मानेत चार-पाच सेंटीमीटरवर निघणारी. दिसायला भयंकर, पण गमला भरपूर जागा. इथे वर काढलेला तो पाच सेंटीमीटरचा हिशोब परत कामाला येतो, ज्या तिरप्या आखूड तंतूंमुळे डोकं मोडलं त्यांच्यामुळेच मोडलेला पृष्ठभाग लांबलचक तिरपा मिळतो आणि तंतूंच्या कडेला तंतू चिकटतो, जो लाकूडकामातला सगळ्यात मजबूत जोड. ट्रस रॉडचा खड्डा वजा जाता २० चौरस सेंटीमीटर जागा मिळाली असं धरा. टाईटबाँडवाले स्वतःच्या गमची ताकद ३६०० पीएसआय (एका चौरस इंचाला इतके पौंड) सांगतात, म्हणजे एका चौरस सेंटीमीटरला अडीचशे किलोच्या आसपास, गुणाकार केला तर ५ टन. आता हा लॅबमधला आकडा, व्यवस्थित रंधलेल्या सपाट लाकडाचा, इथे खडबडीत फाट आणि वाकवणारा जोर, त्यामुळे दहावा हिस्सा जरी मिळाला तरी तारांच्या ४५ किलोसमोर भरपूर झालं. म्हणून चांगला चिकटवलेला लांब जॉइंट परत पडल्यावर बऱ्याचदा त्या रेषेवर न मोडता शेजारच्या लाकडात मोडतो.

उलटं प्रकरण म्हणजे आडवी आखूड मोड, नटच्या मागे जवळजवळ सरळ काटकोनात. इथे तंतूंची टोकं टोकांना चिकटवायची असतात आणि टोकांकडून लाकूड स्ट्रॉसारखं गम आत शोषून घेतं, जॉइंट कोरडाच राहतो. असल्या मोडीला नुसता गम पुरत नाही. मधला प्रकार म्हणजे केसासारखी चीर, डोकं जागेवरच आहे, समोरचा काळा पातळ थर त्याला धरून आहे, लोक म्हणतात अजून थोडे दिवस वाजवू. नका. तारा ताणलेल्या असताना चीर थोडी उघडीच असते, तिच्यात पॉलिश, घाम, धूळ जात राहतं आणि सोपं काम अवघड होतं.

प्रत्यक्ष काम बघायला मजा येते, आणि त्यातला सगळ्यात जास्त वेळ गम लावायच्या आधी जातो. ट्युनर काढायचे, झाकण काढायचं, ट्रस रॉडचा नट सैल करून काढायचा आणि त्याच्या आट्यांना मेण चोळायचं, कारण गम तिथे उतरला आणि सळई जाम झाली तर मान जोडली गेली पण ॲडजस्ट कधीच होणार नाही. मग कोरडी रंगीत तालीम, गमशिवाय डोकं जागेवर बसवून बघायचं. बरोबर बसलं की हलकासा टक् होतो आणि रेष जवळपास गायब होते. बसत नसेल तर भिंग लावून बघायचं कुठला तंतू दुमडलाय, तो सुईने परत उभा करायचा, अगदीच अडत असेल तर तेवढाच एक कापायचा. पॉलिश पेपर मारून सपाट करायचं हे सुताराच्या हाताला पटकन सुचतं, पण इथे ते पाप आहे, कारण त्या खडबडीत दातांमुळेच डोकं परत मूळ जागी मूळ कोनात बसतं.

क्लॅम्पसाठी दोन ठोकळे करतात, पुढून सपाट आणि मागून मानेच्या गोलाईला जुळेल असा कोरलेला, आतून कॉर्क आणि वर प्लॅस्टिकचा कागद, गम ठोकळ्याला चिकटू नये म्हणून. कोन तिरपा असल्यामुळे क्लॅम्प आवळला की तुकडे एकमेकांवरून घसरून पुढे पळायला बघतात, आणि गम लावला की तो अजूनच निसरडा, त्यामुळे एक क्लॅम्प फक्त डोक्याला मानेकडे दाबून धरायला लागतो. ज्यांच्याकडे एवढे क्लॅम्प नाहीत ते सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या कापून गच्च गुंडाळतात, आणि खरं सांगायचं तर गोल मानेवर रबराचा दाब सगळीकडून सारखा पडतो, मला तो प्रकार चिरेसाठी क्लॅम्पपेक्षाही आवडतो.

डोकं पूर्ण सुटलं असेल तर दोन्ही बाजूंना ब्रशने पातळ गम, सोपं. चीर असेल तर मात्र आत गम पोचवणं हीच कला. डोक्याला अगदी हलका दाब देऊन चीर उघडायची, कडेला गम ओतायचा आणि दात साफ करायच्या फ्लॉसने तो ओढून ओढून आत न्यायचा, किंवा पातळ पत्र्याने, किंवा एका बाजूने गम ठेवून दुसऱ्या बाजूने व्हॅक्यूम लावायचा, गम चिरेतून खेचला जातो. मग चीर हळूच दाबायची-सोडायची, दाबायची-सोडायची, आत हवेचे बुडबुडे फुटताना दिसतात. दुसऱ्या बाजूने पिवळा गम बारीक मण्यांच्या माळेसारखा पूर्ण रेषेवर बाहेर आला पाहिजे. जिथे मणी नाही तिथे आत गम नाही, परत उघडायचं. हे सगळं पाच-सात मिनिटांत, त्यानंतर गम धरायला लागतो, म्हणून ती आधीची रंगीत तालीम. क्लॅम्प बेताने आवळायचा, पैलवानकी केली तर गम सगळा बाहेर येतो. बाहेर आलेला ओल्या फडक्याने पुसायचा. बाटलीवर अर्ध्या तासाची क्लॅम्पिंग लिहिलेली असते, पण ज्या जोडावर सतत ओढ येणार तिथे २४ तास तरी हात लावू नये.

इथे इंटरनेटवर मारामाऱ्या होतात, की नुसता गम पुरे की आधार घालायचाच. मी म्हणेन मोड बघून ठरवा. लांब, ताजी, स्वच्छ फाट असेल तर नुसता गम, वर अजून लाकूड कोरून घालणं म्हणजे पहिलवानाला काठी देणं. आखूड मोड असेल, दुसऱ्यांदा उघडली असेल, तुकडे हरवले असतील तर आधार हवा. आधार म्हणजे स्प्लाइन, मानेच्या मागच्या बाजूने ट्रस रॉडच्या दोन्ही अंगांना दोन लांब खाचा राउटरने (लाकडात खाचा पाडायच्या मशीनने) कोरायच्या, मोडीच्या अलीकडून पलीकडे जाणाऱ्या, आणि त्यात नवीन लाकडाच्या पट्ट्या बसवायच्या ज्यांचे तंतू मोड ओलांडून सलग जातात. म्हणजे मूळ कारागिरीत जे सलग तंतू नव्हते ते आता घातले. दुसरा प्रकार, डोक्याच्या आणि मानेच्या मागून दोन-तीन मिलीमीटर लाकूड तासून काढायचं आणि वळवलेला नवीन सलग थर चिकटवायचा, काम दणकट होतं पण हात अस्सल कारागिराचा हवा. स्क्रू मारून देणारे भेटले तर गिटार उचलून घरी या, स्क्रू तंतू फाकवतो आणि ट्रस रॉडला लागला तर विषय संपला. लाकडी खुंटी आडवी ठोकणं त्याहून बरं, पण त्या बारीक जागेत अजून भोकं पाडून मिळतं काय हा प्रश्न उरतोच.

रंगाचं काम हा वेगळाच प्रांत, आणि बऱ्याचदा जोडण्यापेक्षा महाग. नायट्रो लॅकर (जुन्या पद्धतीचं नायट्रोसेल्युलोजचं) असेल तर नवीन थर जुन्यात विरघळून एकजीव होतो, रेष जवळपास लपवता येते. पॉली फिनिश (प्लॅस्टिकसारखा कडक थर) असेल तर नवीन जुन्यात मिसळत नाही, कडा दिसतेच, मग तिथे गडद रंगाचा बर्स्ट, म्हणजे हळूहळू गडद होत जाणारी छटा, मारून लपवतात. आपल्याकडे फर्निचरवाल्यांचं एनसी लॅकर, म्हणजे नायट्रोच, कुठल्याही मोठ्या पेंटच्या दुकानात मिळतं, पण कोकणात-मुंबईत जुलैमध्ये मारू नका, हवेतल्या दमटपणाने ते पांढुरकं पडतं. शिवाय मारल्यावर काही आठवडे आकसत राहतं, म्हणून घाईने घासून चकचकीत केलेलं काम महिन्याभराने परत रेष दाखवतं. माझी तर रेष दिसली तर दिसू दे अशी वृत्ती आहे, वाजवायची गिटार आहे ती.

आवाज बदलतो का, हे सगळेच विचारतात. जोड घट्ट असेल तर फरक ऐकू येत नाही, ज्याला माहीत आहे त्यालाच ऐकू येतो. आणि जोडलेलं डोकं म्हणजे कलंक मानणाऱ्यांनी व्हायोलिनवाल्यांकडे बघावं. स्ट्राडिवारी १७३७ मध्ये गेला, त्याच्या बहुतेक व्हायोलिनच्या माना पुढच्या काळात, मुख्यतः एकोणिसाव्या शतकात, बदलल्या गेल्या कारण वाजवण्याची पद्धत बदलली आणि लांब, जास्त कोनातली मान हवी झाली. पण त्याने कोरलेलं मूळ डोकं, ती गोल नक्षी, टाकून कोण देणार, तर ते कापून नवीन मानेवर कलम केलं. म्हणजे जगातली सगळ्यात महाग वाद्यं डोकं जोडलेलीच वाजतायत, आणि कुणी तक्रार करत नाही.

गिटारच्या बाजारात मात्र तक्रार आहे. डोकं जोडलेली लेस पॉल साधारण निम्म्या भावात जाते, काम कितीही सुंदर असो. विकणाऱ्याचं नुकसान, पण ज्याला फक्त वाजवायचीय त्याची चांदी. आणि पाच-सात हजारांची गिटार असेल तर चांगल्या कारागिराकडे नेण्यात हिशोब बसत नाही, ती स्वतः करा, एक गमची बाटली आणि सायकलची ट्यूब, बिघडली तरी शिकायला मिळालं.

सेकंडहँड घेणार असाल तर नटच्या मागे, दोन्ही बाजूंना, टॉर्च आडवी धरून बघा. रंग तिथेच अचानक गडद झालाय का, नखाला बारीक कडा लागते का, लाकडाच्या रेषा मधेच तुटून दुसरीकडे सुरू होतात का. यूव्ही टॉर्च मिळाली तर उत्तम, जुनं लॅकर तिच्याखाली हिरवट-पिवळसर चमकतं आणि नंतर मारलेला पॅच वेगळाच दिसतो. जोड सापडला तर लगेच नाही म्हणू नका, मालकाला विचारा कधी केला, कुणी केला, त्यानंतर किती वर्षं पूर्ण ताणावर वाजतेय. आणि पैसे द्यायच्या आधी त्याच्यासमोर झाकण उघडून ट्रस रॉड दोन्ही दिशांना पाव फेरा फिरवून बघा, आत गम उतरून तो जाम झाला असेल तर निम्मी किंमतसुद्धा जास्त आहे.